दूध किती देते?

माझी अख्खी नोकरी टपाल खात्यात गेली आणि निवृत्तीनंतर वाट्याला आली ती कबुतरं. काही जण याला योगायोग म्हणतात. आमच्या हिच्या मते ही बदली आहे, तीही बिनपगारी.

कबुतरं माझी नव्हेत, भाच्याची. शर्यतीची, म्हणजे होमर. बहिणीच्या सोसायटीत गॅलरीतल्या कुंडीलासुद्धा सेक्रेटरीची परवानगी लागते, म्हणून ढाबळ आमच्या मिरजेतल्या गच्चीवर आली. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला. महिन्यातून एकदा येतो, एकेक कबुतर हातात घेऊन त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघतो, मला चार सूचना देतो आणि पहाटेच्या गाडीनं परत जातो. उरलेले दिवस दाणा मी टाकतो, पाणी मी बदलतो आणि फळ्या मी खरवडतो. काय खरवडतो ते पुढं येईलच. या विषयात ते टाळता येत नाही.

ढाबळ बांधायच्या आधी त्यानं मला पटवलं होतं ते आकड्यांनी. ‘‘मामा, बेल्जियमची न्यू किम नावाची मादी. 2020 साली लिलावात 16 लाख युरोंना गेली. 16 लाख!’’ मी कागदावर गुणाकार केला. 14 कोटींच्या आसपास रुपये झाले. माझा फंड, ग्रॅच्युइटी आणि हिचे दागिने एकत्र केले असते तर त्या मादीच्या शेपटीतलं एखादं पीस आमच्या नावावर झालं असतं. पण आकडा कानात राहिला. एकदा आकडा कानात राहिला की माणूस सुताराला बोलावतो.

शिवाय खात्याचा अभिमान होताच. कबुतर म्हणजे आमच्या धंद्यातला मूळपुरुष. ओडिशा पोलिसांनी तर 1946 साली कबुतरांची निरोपसेवा सुरू केली होती, आणि 1948 मध्ये खुद्द नेहरूंनी संबळपूरहून कटकला निरोप धाडला तो कबुतराकरवी. हे मी ढाबळीपुढं उभा राहून हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग यांना सांगा, गॅसचं बुकिंग करून या.’’ इथं मला एक कबुली द्यावी लागली. कबुतर पत्र पोचवतं हे अर्धसत्य आहे. ते फक्त स्वतःच्या घरी येतं. तुम्हाला कोल्हापूरहून मिरजेला निरोप हवा असेल, तर मिरजेचं कबुतर आधी कोल्हापूरला नेऊन ठेवावं लागतं. म्हणजे पोस्टमनला आपणच गाडीत घालून न्यायचं आणि तो मोकळ्या हातानं घरी आला की टाळ्या वाजवायच्या. शर्यत म्हणजे हेच. सगळ्यांची कबुतरं एकाच ठिकाणाहून सोडतात, ती आपापल्या ढाबळीत पोचतात, आणि ढाबळींची अंतरं वेगवेगळी म्हणून मिनिटाला किती मीटर हा वेग काढून नंबर ठरवतात. त्यामुळं सर्वांत आधी घरी पोचलेलं कबुतर हरूही शकतं. खात्यात मी हे आयुष्यभर पाहिलेलं आहे.

यंदा ढाबळीत 14 पिल्लं होती. आठवड्याची झाली तेव्हा भाच्यानं मुद्दाम येऊन प्रत्येकाच्या पायात नंबराची कडी चढवली होती. पाय वाढला की कडी निघत नाही, ही आयुष्यभराची नोंदणी. दीड महिन्याची झाली. गच्चीवरून पहिल्या भराऱ्या मारू लागली. आणि एका मंगळवारी सकाळी नऊ नंबर कोपऱ्यात बसलेलं दिसलं. पिसं फुलवलेली, मान आत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले. थंडीत पेन्शनच्या रांगेत उभे असतात ना हयातीचा दाखला घेऊन, अगदी तसं. समोर दाणा टाकला तर बघितलं फक्त. मग मान दोनदा झटकली आणि कालची ज्वारी, जशीच्या तशी, अख्खी, पाण्यासकट माझ्या चपलेवर ओकलं. गळ्याखालची पिशवी हाताला लागली ती पाणी भरलेल्या फुग्यासारखी. आणि खाली फळीवर जे होतं ते हिरवं आणि पातळ.

निरोगी कबुतराची विष्ठा कशी असते हे मला त्या दिवशीपर्यंत माहीत असण्याचं कारण नव्हतं. आता झोपेतून उठवून विचारा. छोटी, घट्ट, तपकिरी गोळी, वर पांढरी टोपी. जवळपास एखादं बारीक पीस पडलेलं असलं तर फारच उत्तम. गांधीटोपी घातलेला मनुका म्हणा. नऊ नंबरची टोपी गेली होती, मनुकाही गेला होता.

संध्याकाळपर्यंत चार पिल्लं तशीच बसली. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मामा, उद्या सबमिशन आहे. उस्तादांना दाखव ना.’’

उस्ताद मागच्या गल्लीत राहतात. त्यांचीही कबुतरं आहेत, पण ती उडवायची. सकाळी सोडायची आणि कुणाचं किती तास आभाळात टिकतं ते बघायचं. त्यांच्या खेळात कबुतर खाली आलं की संपलं, आमच्या खेळात खाली आल्याशिवाय सुरूच होत नाही. त्यामुळं होमरबद्दल त्यांचं मत फार चांगलं नाही. ‘‘सरळ घरी येणारं कबुतर म्हणजे नोकरदार माणूस वो मास्तर,’’ असं ते मला तोंडावर म्हणतात. तरी आले. कबुतराच्या पिल्लाला ते पिल्लू म्हणत नाहीत, पठ्ठा म्हणतात. चार पठ्ठ्यांना त्यांनी एकेक करून उचललं, अंगठ्यानं गळा दाबला, चोच उघडून वास घेतला आणि आभाळाकडं बघून म्हणाले, ‘‘पोटा बसलाय.’’

‘‘म्हणजे काय झालंय?’’

‘‘पोटा बसलाय.’’

उपचारही लगेच सांगितला. लसूण ठेचून, ओव्याचं पाणी, त्यात गुळाचा खडा, आणि एक गोळी. गोळी त्यांनी खिशातून काढून दिली. नाव विचारलं तर म्हणाले, ‘‘पांढरी.’’ कशावरची? ‘‘ह्याच्यावरचीच.’’ दुसऱ्या दिवशी आजारी पिल्लं सहा झाली आणि नऊ नंबर गेलं, तेव्हा उस्तादांनी पुन्हा तपासणी केली आणि म्हणाले, ‘‘मग पिवळी देऊया.’’

नऊ नंबरला मी संध्याकाळी शेवग्याखाली पुरलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं मला यावरून बोलणी खायची आहेत.

खरं तर मिरजेत राहून उस्तादांच्या खिशावर अवलंबून राहायची पाळी यावी, ही आमच्या गावाची बदनामी. मिरज म्हणजे सतारींचं आणि दवाखान्यांचं गाव. डॉक्टर वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं मिशनचं इस्पितळ काढलं, तेव्हापासून आजतागायत कर्नाटकातून गाड्या भरभरून पेशंट इथं उतरतात. आमच्या एका बोळात हाडांचे तीन, डोळ्यांचे दोन आणि मूतखड्याचे दोन डॉक्टर आहेत. शेजारी भेटला तर प्रकृती विचारायची सोय नाही, ती त्याच्या धंद्याची वेळ असते. पण साडेतीनशे ग्रॅमच्या पेशंटला गावात वाली नाही.

सकाळी फिरायला येणारे एक पोटविकारतज्ज्ञ माझ्या परिचयाचे. त्यांना म्हटलं, ‘‘डॉक्टर, उलट्या, हिरवे जुलाब, काही खाल्लेलं पचत नाही.’’

‘‘वय?’’

‘‘दीड महिना.’’

ते थांबले. ‘‘वजन?’’

‘‘साडेतीनशे ग्रॅम.’’

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ‘‘आणि घरी ठेवलंय?’’ कबुतर आहे म्हणताच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हिचा नंबर त्यांच्याकडं आहे का, ते मोबाइलमध्ये बघू लागले. तरी माणूस भला. जाता जाता म्हणाले, पोटात दुखत असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी काढून घेऊ. तेवढ्यानं मला नवीन ज्ञान मिळालं, कारण घरी येऊन पुस्तक उघडलं तर कळलं की कबुतराला पित्ताशय नसतंच. पित्त यकृतातून थेट आतड्यात जातं, साठवण नाही. कबुतर एवढं शांत का दिसतं याचं कोडं सुटलं, त्याच्याकडं पित्त खवळायची सोयच नाही. त्याच्या वाट्याचं माझं खवळलं.

शेतीच्या आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पूर्ण ऐकून न घेता पोल्ट्रीच्या पावडरीचा डबा काउंटरवर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, हजार पक्ष्यांसाठी. म्हटलं, ‘‘माझ्याकडं 13 आहेत.’’

‘‘मग उरंल की,’’ तो म्हणाला.

डबा घेतला. चमच्याच्या टोकावर घेऊन ‘साधारण एवढी’ पावडर पाण्यात टाकली. हजाराला तेरानं भाग कसा द्यायचा हे पोस्टाच्या बचतखात्यात शिकवत नाहीत.

मग एका कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात. एसी, काचेचा दरवाजा, भिंतीवर हसऱ्या लॅब्रेडॉरचं चित्र. मी आंब्याच्या पेटीला भोकं पाडून त्यात दोन पिल्लं नेली होती. शेजारच्या खुर्चीवर एका बाईंच्या मांडीवर पर्शियन मांजर. तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मी पक्षी बघत नाही. मांजरानं मात्र फार आस्थेनं बघितलं.

तोवर गल्लीत चर्चा सुरू झाली होतीच. वर्तमानपत्रांत दादरच्या कबुतरखान्याला ताडपत्री लावल्याचं 2025 च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी वाचलेलं. शेजारच्या काकू रोज सकाळी नाकाला पदर लावून आमच्या गच्चीकडं बघायच्या. आमच्या पिल्लांचा दादरशी संबंध नाही, ती पारवे नव्हेत, त्यांना नंबर आहेत, हे मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘नंबर तर कैद्यांनाही असतो.’’ त्यांचं अगदीच चूक नव्हतं. कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की काही जणांना कायमचा दम लागतो. तेव्हापासून मी खरवडताना मास्क लावतो. करोनात उरलेले होते.

शेवटी जायला हवं होतं तिथंच पाचव्या दिवशी गेलो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी-1. समोर कडुनिंब, कडुनिंबाखाली लोखंडी खोडा, खोड्यात एक म्हैस आणि म्हशीच्या मागं कोपरापर्यंत हातमोजा घातलेला माणूस. माझ्या हातात आंब्याची पेटी. रांगेतल्या शेतकऱ्यांनी मला पुढं जायला जागा करून दिली. त्यांना वाटलं, मी डॉक्टरांसाठी आंबे आणलेत.

केसपेपर काढायच्या खिडकीत एक वयस्कर गृहस्थ. समोर छापील रजिस्टर, रकाने पाडलेलं.

‘‘जनावर?’’

‘‘कबुतर.’’

त्यांनी रकाना वाचला. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, इतर. पेन ‘कोंबडी’वर जरा घुटमळलं, मग ‘इतर’वर टेकलं.

‘‘जात?’’

‘‘होमर.’’

‘‘संकरित का देशी?’’

‘‘बेल्जियमचं रक्त आहे म्हणतात.’’

‘‘संकरित,’’ त्यांनी लिहिलं. ‘‘वेत कितवं?’’

‘‘अहो, पिल्लू आहे.’’

‘‘दूध किती देते?’’

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण पाच दिवस मी पुस्तकं वाचत होतो आणि वाचलेलं सांगायला मला माणूस मिळाला नव्हता. म्हटलं, ‘‘हे अजून देत नाही, पण मोठं झालं की देतं. कबुतराला दूध असतं. गळ्यातल्या पिशवीत तयार होतं, दह्याच्या चोथ्यासारखं. पहिले काही दिवस पिल्लू त्यावरच वाढतं. आणि नुसती मादीच नव्हे, नरही देतो.’’

त्यांनी चष्मा काढला. माझ्या मागं उभा असलेला म्हशीचा मालक पुढं वाकला. ‘‘नर?’’

‘‘हो. दोघं आळीपाळीनं पाजतात.’’

‘‘आयला,’’ तो म्हणाला, आणि आपल्या म्हशीकडं वळून बघितलं. बहुधा रेड्याचा विचार करत असावा.

केसपेपरवर त्या रकान्यात शेवटी एक आडवी रेघ आली. बाकी सगळं सरकारी नियमानुसार झालं.

डॉक्टर म्हणजे पशुधन विकास अधिकारी. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, पायात गमबूट. म्हशीचं आटपून, हात धुऊन आली आणि पेटीचं झाकण उघडून बराच वेळ नुसती बघत बसली. हात लावला नाही, वास घेतला नाही, आभाळाकडं तर अजिबात बघितलं नाही. मला वाटलं, हिलाही येत नाही.

‘‘विष्ठा आणलीय का, काका?’’

हा प्रश्न मला अपेक्षित होता. पिशवीतून मी 13 पुड्या काढल्या. प्रत्येक पुडी चौकोनी घडीची, वर कडीचा नंबर, तारीख, वेळ, आणि खाली ‘तातडीचे’. नोकरीची सवय. तिनं त्यांतली एक हातात घेतली, तारीख वाचली. ‘‘परवाची आहे. हिचा काही उपयोग नाही.’’ शिळं टपाल. उपयोग झाला तो पेटीच्या तळाला टाकलेल्या कागदावर वाटेत जे पडलं होतं त्याचा. त्यावर कुठला पत्ता नव्हता.

‘‘एखादं मेलंय का?’’

‘‘दोन.’’

‘‘आणायचं होतं.’’

‘‘मेलेलं?’’

‘‘मेलेलं जास्त सांगतं. फ्रीजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही. आणि त्याच दिवशी आणायचं.’’

फ्रीज हा शब्द ऐकून मला आमची ही दिसू लागली. कोथिंबिरीशेजारी नऊ नंबर. शेवग्याखालची हकिकत सांगितली. ‘‘उत्तम खत,’’ एवढंच ती म्हणाली.

मग प्रश्न सुरू झाले, आणि इथं मला पहिल्यांदा घाम फुटला. इतक्या दिवसांत मला इतक्या लोकांनी उत्तरं दिली होती, पण प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आईबापांपासून कधी वेगळी केली? ढाबळ केवढी? एका फळीवर किती बसतात? जमीन कोरडी असते? पाण्याचं भांडं कधी घासता? ‘बदलता’ नव्हे, ‘घासता’. उडवायला कधी सुरुवात केली? पेटीत भरून बाहेर नेली होती का, दुसऱ्यांच्या कबुतरांबरोबर?

‘‘नवीन पक्षी आणला होता मधे?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘काही औषध दिलं?’’

‘‘छे.’’

या दोन उत्तरांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. पण मला सांगा, डॉक्टरांपुढं बसलेला कोणता माणूस खरं बोलतो? आमचे शेजारी शुगर तपासायला जायच्या आधी दोन दिवस गोड सोडतात आणि रिपोर्ट चांगला आला की परतीच्या वाटेवर बासुंदी घेतात. मी तर कबुतराच्या वतीनं बोलत होतो, मला अब्रू दुप्पट जपायची होती.

तिनं वाद घातला नाही. एक पिल्लू उचललं, चोच उघडली, कापूस लावलेली ओली काडी घशात फिरवली आणि ती लगेच काचेवर टेकवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ‘‘हे गरम असतानाच बघायचं असतं. गार झालं, सुकलं की हलायचं थांबतात, मग काही दिसत नाही.’’ बघून झाल्यावर मला म्हणाली, या. मी वाकलो. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग त्या धूसर वर्तुळात पेरूच्या आकाराचं काहीतरी थरथरत गेलं. मग दुसरं. मग दहा-बारा. सांगली स्टँडवर शेवटची गाडी लागल्यावर जी पळापळ होते, हुबेहूब ती. ट्रायकोमोनास म्हणतात त्याला. पुढच्या बाजूला चार शेपट्या असतात, त्या मारत ते पळतं. जास्त झालं की घशात पिवळे, चीजसारखे गोळे धरतात आणि गिळता येत नाही. कबुतर दूध पाजताना ते पिल्लाला वारशात देतं. मी इतकी वर्षं वारसाच्या नोंदी करत आलो, असली इस्टेट पहिल्यांदा बघितली.

मी वाकलेलो असतानाच पिल्लाच्या पिसांतून एक चपटी माशी सुळकन निघाली आणि खिडकीतल्या गृहस्थांच्या कॉलरवर बसली. ही कबुतरमाशी. पिसांत खेकड्यासारखी आडवी पळते आणि कबुतरांच्या रक्तात मलेरियाच्या भावकीतलाच एक रोग सोडते. त्यांनी ती झटकली, ती हजेरीपुस्तकावर बसली, तिथून कुठं गेली ते कळलं नाही. त्या दिवशी दवाखान्यात सगळेच अंग खाजवत होते.

‘‘घशातलं हे आहे, त्याला गोळी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पण एवढ्यानं एका दिवसात चार-चार बसत नाहीत. उलटी, हिरवी विष्ठा, सगळी एकाच वयाची. हा पिल्लांचा साथीचा आजार दिसतो. एक विषाणू प्रतिकारशक्ती पाडतो, दुसरा आतड्यात शिरतो, आणि पोटातले नेहमीचे जंतू मोकाट सुटतात. सर्को, अडेनो, ही नावं जुनी. 2016 साली ऑस्ट्रेलियात रोटाव्हायरसनं ढाबळीच्या ढाबळी आजारी पडल्या, मग युरोपातही तोच सापडला.’’

‘‘पण यातला नक्की कुठला?’’

‘‘आघाडी आहे, काका.’’

हे मला तत्काळ समजलं. महाराष्ट्रात राहून न समजायला काय झालं?

मान वाकडी करतात का, गोल फिरतात का, दाण्यावर चोच मारताना नेम चुकतो का, हेही तिनं विचारलं. नाही म्हटलं. ‘‘मग मानमोडी नाही. बरी झाली की लस मात्र द्यायची. आजारी असताना नाही.’’ आणि मग सहज, केसपेपरवर लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाली, ‘‘पाण्यात लसूण दिलात, आणि काहीतरी पिवळं. चोचीला लागलंय. आणखी काय?’’

मी सगळं ओकलो. नऊ नंबरनं चपलेवर ओकलं होतं तसंच, अख्खं, काहीच न पचलेलं. लसूण, ओवा, गूळ, पांढरी, पिवळी, हजार पक्ष्यांची पावडर, आणि हिनं शेवटी श्रद्धेनं घातलेला अंगारा. डॉक्टरनं क्रमवार यादी केली. यादी भरली तेव्हा पेन ठेवून म्हणाली, ‘‘आता जी दोन गेली, ती आजारानं गेली का औषधानं, हे मला सांगता यायचं नाही.’’

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

‘‘आणि नवीन पक्षी?’’

मग जावयाचं सांगावं लागलं.

जावई म्हणजे एक निळा, पट्टेवाला नर. पिल्लं आजारी पडायच्या तीन आठवडे आधी भाच्यानं बाजारातून आणलेला. ‘‘मामा, रक्त बघ,’’ म्हणाला होता. मला रक्त दिसलं नाही, छाती दिसली. आणला तो थेट ढाबळीत सोडला. आल्या आल्या त्यानं सर्वांत वरचा, कोरडा, वाऱ्याचा खण बळकावला, दोन जुन्या जोडप्यांना खाली हाकललं आणि दाणा टाकला की सगळ्यांना बाजूला सारून आधी स्वतः जेवायला बसू लागला. नाव हिनं ठेवलं. आमची मुलगी दिलेली नाही, पण तिला अनुभव माहेरचा आहे.

‘‘आणि तो आजारी नाही?’’ डॉक्टरनं विचारलं.

‘‘ठणठणीत.’’

‘‘तोच,’’ ती म्हणाली. मोठ्या पक्ष्याला सवय झालेली असते. तो जंतू बाळगतो आणि वाटतो, स्वतः पडत नाही. नवीन पक्षी आला की निदान तीन आठवडे वेगळा ठेवायचा, वेगळं भांडं, वेगळा दाणा, आणि तपासणी करूनच आत घ्यायचा. जावयाच्या बाबतीत आपल्याकडं उलट पद्धत आहे.

चिठ्ठी हातात पडली तेव्हा माझी निराशाच झाली. औषध एक. तेही मेट्रोनिडाझोल, वजनावर मोजून. मिरजेत पानभर चिठ्ठी नसली तर माणूस डॉक्टर बदलतो. आणि हिनं घरी नाव वाचताच कपाटातून आमचीच अर्धी पट्टी काढून दाखवली, गेल्या वर्षी पंढरपूरहून आल्यावर मला लागली होती ती. ‘‘एवढ्यासाठी म्हशीमागं उभे राहिलात?’’ ती पट्टी मात्र मी लपवून ठेवली. तिच्यावरचा आकडा सत्तर किलोच्या वारकऱ्यासाठी आहे, साडेतीनशे ग्रॅमच्या पक्ष्यासाठी नाही.

बाकी चिठ्ठीत सगळे ‘नका’ होते. आज दाणा नका देऊ, फक्त मीठसाखरेच्या क्षारांचं पाणी. उद्या थोडी ज्वारी, मका-वाटाणा नको. आजारी आणि बरी एकत्र नका ठेवू. एका फळीवर गर्दी नको. ओल नको. प्रतिजैविक स्वतःच्या मनानं नको, विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत गेलाय, तिकडून कळल्यावर बघू. आणि यंदाच्या मोसमात यांतल्या एकालाही शर्यतीत नका घालू.

यातला सर्वांत अवघड ठरला तो दाणा बंद. घरात आलेल्या प्राण्याला उपाशी ठेवायचं, हे आमच्या हिच्या संस्कारात बसत नाही. दुपारी दोन वाजता मी गच्चीवर गेलो, तर ती ढाबळीच्या जाळीला तोंड लावून, ‘‘उद्या हं बाळा, उद्या देते,’’ असं पाच नंबरला सांगत होती आणि तिच्या मुठीत मसूर होती. मी हात पुढं केला. तिनं मसूर माझ्या हातात ठेवली, पण दोन दिवस माझ्या पानातही पातळ भातच पडला.

मी भांडी घासली. गरम पाणी, ब्रश, मग कडक ऊन. फळ्या रोज दोनदा खरवडल्या. उस्ताद एकदा येऊन बघून गेले. ‘‘गोळ्या बंद केल्या वाटतं?’’ मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण जाताना दोन पिल्लांची चोच उघडून वास घेतलाच. आठवड्याभरानं आले तेव्हा म्हणाले, ‘‘पिवळीचा गुण आला बगा.’’

गुण कशाचा असो, सातव्या दिवशी सकाळी पाच नंबरच्या फळीवर एक टोपी घातलेला मनुका दिसला. मी हिला हाक मारून वर बोलावलं. गुडघे दुखत असताना ती दोन जिने चढून आली, बघितलं, आणि आमच्या नातवाच्या वेळी ज्या सुरात म्हणाली होती त्याच सुरात म्हणाली, ‘‘बाई गं, घट्ट झाली!’’ शेजारच्या काकू पदर नाकाला लावून हे सगळं बघत होत्या.

मधल्या दिवसांत आणखी एक पिल्लू गेलं. ते मी त्याच दिवशी, बर्फावर ठेवून, डॉक्टरकडं पोचतं केलं. 14 पैकी 11 राहिली. भाचा सबमिशन, तोंडी परीक्षा आणि कुणाच्या तरी बहिणीचं लग्न आटपून आला. अकराच्या अकरा हातात घेऊन त्यानं डोळ्यांत डोळे घालून बघितलं. शर्यत नाही म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. ‘‘डॉक्टर काय सांगतात तेच ऐकणार का तू मामा?’’ असं जेवताना म्हणाला. मी त्याच्या ताटात पातळ भात वाढला.

जावयाला आता गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा पिंजरा आहे. त्याच्या घशातही ते शेपट्यावाले सापडले, औषध त्यालाही झालं. या सगळ्या प्रकरणात तो एक दिवसही आजारी पडला नाही. परवा तराजूत घातला तर 520 ग्रॅम भरला. दाणा अजूनही सर्वांत आधी त्यालाच पडतो, नाहीतर पिंजरा वाजवून तो गल्ली उठवतो.